टीन सेक्शनमधला मांगा: फुकट आणि भरपूर, पण होल्ड नीट टाकता आला पाहिजे

अमेरिकेतल्या बहुतेक पब्लिक लायब्रऱ्यांत हल्ली हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी वेगळा कोपरा, म्हणजे टीन सेक्शन, असतो, आणि त्यातली सगळ्यात झिजलेली पुस्तकं हटकून मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, असतात. कारण उघड आहे. मांगाचा एक भाग दुकानात १० ते १२ डॉलरला पडतो, पानं असतात दोनशेच्या आसपास, आणि सरावलेली मुलं तासाभरात तो फस्त करतात. २५ भागांची मालिका म्हणजे आईवडिलांच्या खिशाला अडीचशे-तीनशे डॉलरची चाट. लायब्ररीत तीच मालिका फुकट. तरीही "कार्ड काढून दिलंय, पण पोरं वापरत नाहीत" ही तक्रार न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पोरांचा नसतो. मालिका मागवायची रीत चुकलेली असते.

आधी शेल्फ. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीत कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५. काही लायब्रऱ्या सगळं याच क्रमांकाखाली लावतात, मग मांगा, सुपरहिरो आणि कार्टून कसं काढावं हे शिकवणारी पुस्तकं एका रांगेत येऊन बसतात. शहाण्या लायब्रऱ्या मांगा वेगळा काढतात, मालिकेच्या नावाने लावतात आणि भागाचा आकडा पुस्तकाच्या पाठीवर ठळक चिकटवतात. असं शेल्फ दिसलं की ओळखावं, इथल्या टीन लायब्रेरियनला विषय कळतो.

पहिला भाग जागेवर नसला तर नवल नाही. पहिला भाग सगळ्यांनाच हवा असतो, बारावा मोजक्यांना. त्यामुळे पहिले दोन-तीन भाग कायम बाहेर, गहाळ किंवा फाटलेले. मांगाची बांधणी बहुधा शिवणीची नसते, पानं नुसत्या गोंदाने पाठीला चिकटवलेली असतात. पुस्तक उताणं दाबलं किंवा उन्हात उभ्या गाडीत तापलं की मधली पानं सुटतात. सुटलेलं पान घरी सेलोटेपने चिकटवू नका. टेप पिवळी पडते आणि तिची चिकट कड शेजारचं पान ओढून काढते. पान आत तसंच ठेवून परत करताना काउंटरवर सांगायचं, दुरुस्तीचं सामान त्यांच्याकडे असतं.

वयाचा शिक्का मागच्या कव्हरवर बघायचा. मांगा छापणाऱ्या व्हिझ प्रकाशनाच्या पुस्तकांवर 'टी' म्हणजे १३ वर्षांपासून पुढे, 'टी प्लस' म्हणजे १६ पासून, 'एम' म्हणजे १८ पासून. 'टी प्लस' कुठे ठेवायचं हे प्रत्येक लायब्ररी आपापलं ठरवते. एका गावात टीन सेक्शनमध्ये असलेली मालिका शेजारच्या गावात मोठ्यांच्या विभागात सापडते. म्हणून शेल्फवर नाही म्हणजे लायब्ररीतच नाही, असं धरून चालू नये. आणि पालकांनी हेही ध्यानात ठेवावं की मूल काय घरी नेतं यावर लायब्ररी पहारा ठेवत नाही. ते काम घरचं.

आता होल्ड, म्हणजे पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवायची मागणी. खरी डोकेदुखी इथे आहे. काही कॅटलॉगमध्ये मालिकेच्या प्रत्येक भागाची नोंद वेगळी असते, तिथे प्रश्न नाही. काहींत मात्र अख्ख्या मालिकेची नोंद एकच असते आणि सगळे भाग तिच्या पोटात नुसत्या प्रती म्हणून टाकलेले असतात. अशा नोंदीवर साधा होल्ड टाकला की सिस्टिम त्या नावाची हाताला लागेल ती पहिली प्रत पाठवते. मागवला भाग १, आला भाग १७. सिस्टिमच्या लेखी दोन्ही सारखेच. होल्डचं बटण दाबल्यावर विशिष्ट भाग निवडायची सोय दिसते का बघा. दिसत नसेल तर काउंटरवर 'आयटम-लेव्हल होल्ड' मागा. नेमका हाच शब्द वापरला की समोरच्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी चूक उत्साहाच्या भरात होते. एका दमात भाग १ ते १० मागवले जातात. कमी मागणीचे पुढचे भाग झटकन येतात, पहिला येतच नाही. होल्डच्या शेल्फवर पुस्तक साधारण आठवडाभर थांबतं, मग पुढच्याकडे जातं. म्हणजे पहिला हातात पडेपर्यंत सहावा-सातवा परत गेलेले. यावर उपाय सोपा आहे: पहिले तीन चालू ठेवायचे, बाकीचे होल्ड 'फ्रीझ' करायचे. बहुतेक सिस्टिममध्ये फ्रीझ केलेला होल्डही रांगेत पुढे सरकत राहतो, फक्त पुस्तक येत नाही. भाग २ वाचून झाला की ४ आणि ५ मोकळे करायचे. मालिकेची तीन भाग एकत्र केलेली आवृत्ती असेल तर तीच घ्यावी, एका होल्डमध्ये तिन्ही येतात. फक्त आकड्यांत फसू नका. त्या आवृत्तीचा भाग २ म्हणजे मूळ मालिकेचे ४, ५ आणि ६.

उशिराच्या दंडाची धास्ती आता बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. शिकागोने तो ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद केला, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ऑक्टोबर २०२१ मध्ये. पण पुस्तक हरवलं तर किंमत भरावीच लागते. आणि मागे कोणाचा होल्ड असेल तर पुस्तक रिन्यू होत नाही. मांगाच्या मागे तो बहुधा असतोच.

मोबाइलवर वाचायचं तर लिबी आणि हूपला ही दोन ॲप. दोन्ही लायब्ररीच्या कार्डावर फुकट, पण त्यांचा हिशोब अगदी वेगळा. लिबीत लायब्ररीने जितके परवाने घेतले तितक्याच 'प्रती', त्यामुळे डिजिटल असूनही रांग लागते. प्रकाशकाप्रमाणे परवान्याला मुदत असते, कुठे २४ महिने, कुठे २६ वेळा दिलं की संपला. म्हणून मालिकेतला चौथा आणि पाचवा भाग अचानक गायब झालेले दिसतात. ते ॲपने खाल्लेले नसतात, लायब्ररीने परवाना पुन्हा घेतलेला नसतो. न सापडणाऱ्या भागाला 'नोटिफाय मी' लावून ठेवा, मागणी लायब्ररीला कळते. होल्ड आला की उचलायला तीनच दिवस मिळतात. परीक्षा चालू असेल तर 'डिलिव्हर लेटर' करायचं. लिबीत एकाहून जास्त कार्डं टाकता येतात. गावाचं आणि काउंटीचं, अशी दोन वेगळी कार्डं मिळत असतील तर दोन्ही टाकून जिथे रांग छोटी तिथून घ्यावं.

हूपलात सहसा रांग नाही. जे दिसतं ते तत्काळ मिळतं, कॉमिक २१ दिवसांसाठी. पण दर वेळी लायब्ररी पैसे भरते, म्हणून दरमहा किती 'बॉरो', म्हणजे किती वेळा पुस्तक घ्यायचं, याला मर्यादा असते. ती लायब्ररीगणिक बदलते आणि पहिल्या तारखेला पुन्हा सुरू होते. लवकर परत केलं म्हणून गेलेला बॉरो परत मिळत नाही. काही ठिकाणी दिवसाचीही मर्यादा असते. 'आजचा कोटा संपला' असं दिसलं तर ती पूर्ण लायब्ररीची मर्यादा आहे, तुमची नाही. मध्यरात्रीनंतर बघा. मांगाचे सुटे भाग घेत बसलं तर महिन्याचे बॉरो चार दिवसांत उडतात, त्यामुळे इथेही जाड एकत्रित आवृत्ती परवडते. खर्च झेपत नाही म्हणून काही लायब्रऱ्यांनी हूपला बंदही केलं आहे, तेव्हा आधी चौकशी करा. फोनच्या पडद्यावर मांगाची अक्षरं मुंगीएवढी होतात. हूपलाचं 'ॲक्शन व्ह्यू' एकेक चौकट मोठी करून दाखवतं, पण दोन पानांवर पसरलेलं चित्र त्यात तुकड्या-तुकड्यांनी येतं. खरी मजा टॅबलेटवरच.

टीन सेक्शनच्या कार्यक्रमांत सगळ्यात भाव खाऊन जातं ते बटण मशीन: आवडत्या पात्राचं चित्र लावून बॅगेवर टाचायचा गोल बिल्ला. सव्वादोन इंची बिल्ल्याला कागदाची चकती २.६२५ इंचाची लागते, कारण कडेचा भाग मागे दुमडला जातो. चेहरा किंवा अक्षरं कडेला नेली की कापली जातात. पहिल्या साच्यात पत्र्याची टोपी, तिच्यावर कागद, वर पारदर्शक फिल्म, आणि दाब. दुसऱ्या साच्यात पिनेची पाठ, फिरवून पुन्हा दाब. पिन आडवी आणि चित्र सरळ हे दुसरा दाब द्यायच्या आधीच जुळवून घ्यायचं, नाहीतर बिल्ला बॅगेवर कायमचा तिरका लटकतो. जाड कार्डपेपर घातला की मशीन अडकतं. चुकून दोन टोप्या एकात एक बसल्या तरी अडकतं. दांडा जड लागला की जोर करू नये, कोणाला तरी बोलवावं. साधा प्रिंटरचा कागद पुरतो.

लायब्ररीतल्या अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) क्लबबद्दल एक गैरसमज असतो. "सगळ्यांच्या घरी स्ट्रीमिंग आहे, मग इथे गाजत असलेली सिरीज का लावत नाहीत?" घरगुती सदस्यत्वात जाहीर प्रदर्शनाची परवानगी नसते. लायब्ररीला वेगळा परवाना लागतो आणि त्यात बसेल तेवढंच दाखवता येतं. म्हणून बऱ्याचदा जुने भाग आणि भरपूर खाऊ, असा बेत असतो. गप्पांसाठी जावं, प्रीमियरसाठी नाही.

याच्या पुढची पायरी बघायची तर शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत 'यूमीडिया' आहे. २००९ मध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी सुरू झालं. तिथे रेकॉर्डिंगची सोय आहे आणि ओपन माइक चालतो. चान्स द रॅपर शाळकरी वयात तिथल्याच ओपन माइकवर गात असे. शिकागोत राहून मुलांना एकदाही तिथे न नेणं म्हणजे करंटेपणा. ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीची २०२२ मधली 'बुक्स अनबॅन्ड' योजना त्याहून वेगळी. अमेरिकेत कुठेही राहणाऱ्या १३ ते २१ वयाच्या मुलांना तिने मोफत ई-कार्ड देऊ केलं. शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं हटवली जाणाऱ्या राज्यांत तिचा मोठा आधार आहे.

मराठीच्या बाबतीत मात्र टीन सेक्शन नापास. असलीच तर चार पुस्तकं 'वर्ल्ड लँग्वेजेस'मध्ये, आणि तीही मोठ्यांची. मुलांना मराठी वाचायला द्यायचं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. तेवढी तजवीज घरूनच करावी.

एकूण टीन सेक्शनला पाचपैकी चार तारे. एक कापला तो कॅटलॉगच्या गोंधळासाठी. कार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बहुतेक ठिकाणी पालकाची सहीही. समर रीडिंगची, म्हणजे लायब्ररीच्या उन्हाळी वाचन-उपक्रमाची, नोंदणी साधारण जूनच्या आसपास सुरू होते, त्यात मांगाही सहसा धरला जातो आणि मग रांगा वाढतात. नवी मालिका धरायची असेल तर पहिल्या तीन भागांचे होल्ड मे महिन्यातच टाकून ठेवा.