जुनी गाडी आणि वर १९,४७० ची वॉरंटी : माझा हिशोब

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी सेकंडहँड गाडी घेतली. २०१९ चं मॉडेल, पेट्रोल, एएमटी (गिअर आपोआप पडणारी), ६१ हजार किलोमीटर, फर्स्ट ओनर. राहतो सांगलीत पण घेतली पुण्यातून, कारण पुण्यात चॉईस जास्त, आणि इकडे ज्या दोन बघितल्या त्यातली एक सरळसरळ पुरातली होती, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खालच्या टोकाला चिखलाची रेघ. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत जुनी गाडी बघताना आधी सीटबेल्ट ओढायचा हे इथं शेंबड्या पोरालाही माहितीय.

तर पुण्यातल्या त्या मोठ्या शोरूमवाल्याकडं (नाव घेत नाही, जुन्या गाड्या विकणाऱ्यांपैकीच एक) ५ लाख ४० हजारात सौदा झाला, सह्या चालू असताना तिथला मुलगा अगदी सहज, चहाला साखर किती विचारावं तसं, म्हणाला "सर एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना?" १६,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९,४७०. मी जरा थांबलो तर लगेच "सर लोनमध्येच टाकतो, महिन्याला ४४३ रुपये फक्त". आता मजा बघा, लोन पाच वर्षांचं आणि वॉरंटी एक वर्षाची, ४४३ गुणिले ६० म्हणजे २६,५८० रुपये. वॉरंटी संपल्यावर चार वर्षं तिचा हप्ता भरत बसायचं! घ्यायचीच असेल तर पैसे वेगळे द्या, लोनमध्ये अजिबात टाकू देऊ नका, आणि कोटेशनमध्ये आधीच टाकलेली असते कधी कधी तेही बघा.

मावसभावाला फोन लावला. त्याचं मिरजेत स्पेअरपार्टचं दुकान आहे, त्यामुळे घरात गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, साधी गिअरची गाडी असती तर मी तुला घे म्हटलंच नसतं, पण एएमटी आहे ना, घे गप. एएमटी म्हणजे आत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या पायाहाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. तो गेला की गाडी जागेवर, आणि नवा बसवायला तीस-चाळीस हजार. बाकी इंजिनाचं टेन्शन घेऊ नको म्हणाला, ऑइल वेळेत बदललेलं पेट्रोल इंजिन ६० हजारात मरत नाही.

घेतली. हातात मिळालं ते गुळगुळीत ब्रोशर, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, एसी, इलेक्ट्रिकल सगळ्यावर हिरवे टिक. मी म्हटलं नियम-अटींचं पूर्ण पुस्तक द्या, तर तीन वेळा मागून मग व्हॉट्सअ‍ॅपवर चौदा पानांची पीडीएफ आली. खरी वॉरंटी या चौदा पानांत आहे, ब्रोशरमध्ये नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर, बल्ब, रबराचे बुश, बेल्ट, सगळी ऑइलं, एसीचा गॅस हे सगळं बाहेर, झिजणाऱ्या वस्तू म्हणून. हे ठीकच आहे म्हणा, चप्पल झिजली म्हणून दुकानदाराकडं कोण जातंय. पण पुढं : पहिले ३० दिवस क्लेम नाही, पाणी शिरून इंजिन बसलं तर नाही (त्याला इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं), ५० हजार किलोमीटरच्या वरच्या गाडीला पार्टच्या किमतीत २० टक्के कपात, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कुठल्याही गॅरेजनं एक नट जरी खोलला तरी क्लेम रद्द. गॅरेजची यादी बघितली तर पुणे, मुंबई, नाशिक. सांगली-कोल्हापूर नाहीच. हे मी पैसे द्यायच्या आधी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही, माझीच चूक.

जानेवारीत पुण्यातून परत येताना खंबाटकी घाट चढताना गिअर एकातून दोनात पडेना, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी न्यूट्रलला जाऊन बसली. बायको, पोरगी, मागं ट्रकची रांग. हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणे जवळचं गॅरेज पुण्यात. म्हणजे ज्या पुण्यातनं निघालो तिकडंच उलटं. टोइंग इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्समधून केलं, ५० किलोमीटर फ्री, वरचे ११०० खिशातून, आणि आम्ही तिघं सामान घेऊन एसटीनं सांगलीला.

नऊ दिवस गाडी पुण्यात. पहिले तीन दिवस नुसती परवानगी, फोटो पाठवा, मीटरचा फोटो पाठवा, आरसी पाठवा. चौथ्या दिवशी त्यांचा सर्व्हेअर म्हणतो मागच्या सर्व्हिसचं बिल द्या. आता डिसेंबरमध्ये ऑइल मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं बदललेलं, तो वहीच्या कागदावर लिहून देतो, ऑइल इतकं, मजुरी इतकी, खाली सही. ते चालणार नाही म्हणाले, जीएसटीचं बिल पाहिजे, गाडी नंबर आणि किलोमीटर लिहिलेलं. वाचलो ते कशामुळं, तर ऑइल आणि फिल्टर मावसभावाच्या दुकानातून घेतलेले आणि त्यानं सवयीनं पक्कं बिल फाडून त्यावर गाडी नंबर आणि किलोमीटर टाकून ठेवलेले. तेवढ्यावर प्रकरण पुढं सरकलं. सहाव्या दिवशी मी ईमेलात जरा कडक लिहिलं, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्यात टाकला, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही हेही लिहिलं. त्यामुळं झालं की आपोआप झालं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

गॅरेजचं बिल : अ‍ॅक्च्युएटर ३८,०००, क्लच सेट ९,५००, ऑइल १,२००, मजुरी ५,५००. एकूण ५४,२००. मंजूर झालं अ‍ॅक्च्युएटरचे २० टक्के कापून ३०,४०० आणि मजुरी त्यांच्या रेटनं ३,०००, म्हणजे ३३,४००. माझ्या खिशातून २०,८००. वॉरंटीचे १९,४७० धरले तर मला हे दुखणं ४०,२७० ला पडलं. म्हणजे १३,९३० वाचले, असं मी घरी छाती फुगवून सांगत होतो तेव्हा मावसभाऊ शेंगा सोलत सोलत म्हणाला की रिकंडिशन (जुनाच दुरुस्त केलेला) अ‍ॅक्च्युएटर वीस हजारात मिळतो, क्लच आणि ऑइल तेवढंच धर, मिस्त्री साडेतीन हजार मजुरी घेतो, ३४,२०० मध्ये झालं असतं. मी म्हटलं अरे मग तूच घे म्हणालास ना! तर म्हणे, तेव्हा मला ते २० टक्के कुठं माहीत होते, तू पुस्तक कुठं दाखवलंस. बरोबर आहे. पण नवा पार्ट तो नवाच, रिकंडिशनचा भरवसा सहा महिने, वर्ष, काही सांगता येत नाही, आणि मला पोरीला घेऊन घाट चढायचाय.

दुसरा क्लेम एप्रिलमध्ये, एसी गार हवा देईना. सांगलीचा एप्रिल आणि एसी बंद, विचार करा. कंडेन्सरला (एसीची गाडीच्या तोंडाशी असलेली जाळी) खडा लागून भोक पडलेलं. वॉरंटीवाले म्हणाले बाहेरून मार लागलाय, हा इन्शुरन्सचा विषय. इन्शुरन्सचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही म्हणून प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, माझा ३५ टक्क्यांवर आलेला. गपगुमान खिशातून केलं. इथं मात्र त्यांना शिव्या देणार नाही, पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे.

नाशिकची ताई आता जुनी गाडी बघतीय म्हणून तिनं विचारलं, घेऊ का रे ती वॉरंटी? मी नको म्हटलं. तिची साधी गिअरची पेट्रोल, ४० हजार पळालेली, ओळखीच्या डॉक्टरांकडची, सगळी सर्व्हिस कंपनीतच. तिला म्हटलं आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर सांगून विचार, कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का, कारण ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडं येऊ शकते आणि ती या शोरूमवाल्यांच्या वॉरंटीपेक्षा केव्हाही भारी, गॅरेज गावोगाव असतात. मारुतीनं जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केलंय, आधी २ वर्षं ४० हजार होतं, आणि पैसे भरून वाढवली तर सहा वर्षांपर्यंत जाते. दोन वर्षं जुनी गाडी घेणाऱ्यानं मग दुसरी वॉरंटी कशाला विकत घ्यायची? ताईच्या गाडीची पहिल्या मालकानं वाढवलेली निघाली, अजून चौदा महिने आहेत. तिचे पैसे वाचले, मला येवल्याची पैठणी आणते म्हणाली, म्हणजे माझ्या बायकोला.

माझ्या वॉरंटीला पाचपैकी तीन स्टार. एक त्यांनी शेवटी पैसे दिले म्हणून, एक गॅरेजच्या पोरांनी काम नीट केलं म्हणून, आणि एक हेल्पलाइनवरच्या त्या बाईंसाठी ज्यांनी घाटात टोइंग येईपर्यंत तीनदा फोन करून पोरगी घाबरली नाही ना विचारलं. दोन कापले ते ब्रोशर आणि चौदा पानांमधल्या अंतरासाठी.

आता वर्ष संपत आलंय आणि रिन्यूअलचे फोन चालू झालेत, यंदा २१ हजार अधिक जीएसटी. मी एकच प्रश्न विचारला, बदललेला अ‍ॅक्च्युएटर परत गेला तर धरणार का आणि कपात किती? मुलगा म्हणाला, सर सगळं कव्हर आहे. म्हटलं ईमेलवर लिहून दे. तेव्हापासून ईमेल नाही, फोन मात्र रोज येतोय. मी त्यापेक्षा गाडीच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला २ हजारांची आरडी सुरू केलीय, बँकेत, पतसंस्थेत नाही, बुडालेल्या पतसंस्था बघितलेला सांगलीकर आहे शेवटी.