कम्युनिटी कॉलेजातील बेसबॉल प्रशिक्षण : दोन हंगामांचा अनुभव

माझा मुलगा अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजच्या, बेसबॉल संघात दोन हंगाम खेळला, आणि त्या अनुभवावरून मी सांगेन की मैदान पाहण्याआधी प्रशिक्षकांची पूर्वीची कारकीर्द पाहावी. मुख्य प्रशिक्षक स्वतः आधी अशाच दोन वर्षांच्या कॉलेजात, मग विद्यापीठात आणि पुढे काही काळ मायनर लीगमध्ये (सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या खालच्या स्तरावर) पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू म्हणून खेळलेले असल्यामुळे, विद्यापीठात जाताना कोणते श्रेयांक लागतात हे त्यांना तोंडपाठ होते. चेंडू सोडताना मुलाचे कोपर खाली येते, हे त्यांनी पहिल्याच सरावात हेरले आणि हातात चेंडूऐवजी टॉवेल देऊन तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली. सहायक प्रशिक्षक मात्र अर्धवेळ, दिवसा दुसरी नोकरी करणारे होते. फलंदाजी शिकवणारे वर्षात दोनदा बदलले, याची खंत वाटते. तरीही या पातळीला कमी लेखू नये, कारण पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये दिग्गज ठरलेला अल्बर्ट पुहोल्ससारखा खेळाडू १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या प्रक्रियेत) मेपल वुड्स या कम्युनिटी कॉलेजातूनच, तोही १३ व्या फेरीत, निवडला गेला होता. प्रशिक्षकांच्या हाताखालचे किती खेळाडू पुढे विद्यापीठात गेले, हे प्रवेशाआधी अवश्य विचारावे; आमच्या प्रशिक्षकांनी ती यादी न मागताच पुढे केली होती.