निओव्हिम ०.११ : सेटिंगची फाइल बाजूला ठेवून केलेले परीक्षण

एडिटरचे परीक्षण लिहिताना बहुतेक वेळा परीक्षकाने स्वतः वर्षानुवर्षे जुळवलेल्या एडिटरचे वर्णन होते आणि मूळ वस्तू त्यामागे झाकली जाते. कोड लिहिण्यासाठी मी वापरतो त्या निओव्हिम या एडिटरची माझीही सेटिंगची फाइल सहाशे ओळींच्या पुढे गेली होती. मार्च २०२५ मध्ये ०.११ ही आवृत्ती आली, तेव्हा मी ती फाइल बाजूला ठेवून सहा आठवडे रोजचे सगळे काम एडिटर जसा मिळतो तशाच स्थितीत केले. सूट घेतली ती फक्त भाषा-सर्व्हर, म्हणजे कोड समजून घेऊन एडिटरला त्याची माहिती देणारा वेगळा कार्यक्रम, चालू करण्यासाठी लागणाऱ्या काही ओळींची. या परीक्षणात मी रंगसंगती, वेग किंवा प्लगिन (वरून जोडायच्या पुरवण्या) यांबद्दल फारसे लिहिणार नाही. काहीही न बदलता कोणती कळ कोणते काम करते आणि त्याने दिवसभराच्या कामाला कोणते वळण लागते, एवढ्याचाच विचार केला आहे.

डीफॉल्टला, म्हणजे काहीही न बदलता मिळणाऱ्या सेटिंगला, मी एवढे महत्त्व देतो याचे कारण साधे आहे. प्रोग्रामरचे काम एकाच यंत्रावर कधीच होत नाही. दूरच्या सर्व्हरवर, नव्या कंटेनरमध्ये (कोड चालवण्यासाठी तयार केलेल्या वेगळ्या वातावरणात), सहकाऱ्याशेजारी बसून त्याच्या लॅपटॉपवर, अशा अनेक ठिकाणी त्याला तोच एडिटर उघडावा लागतो, आणि तिथे त्याची स्वतःची फाइल नसते. घरच्या यंत्रावर मुरलेली सवय तिथे नुसती निरुपयोगी ठरत नाही, तर चुकीची कळ दाबायला लावते, आणि ऐन बिघाड शोधण्याच्या वेळी मन कोडवरून उठून कीबोर्डवर जाते.

व्हीआय, त्याच्या वळणाचा व्हिम आणि व्हिममधून निघालेला निओव्हिम या एडिटर-घराण्यातील डीफॉल्ट किती चिवट असतात याचे उदाहरण सर्वांच्या बोटांखाली आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या यंत्रावर. त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाणांची चिन्हे एच, जे, के आणि एल या कळांवरच छापलेली होती, आणि आज जिथे टॅबची कळ असते तिथे एस्केपची कळ होती. ते टर्मिनल कधीच इतिहासजमा झाले, एस्केप कीबोर्डच्या दूरच्या कोपऱ्यात गेले, तरी लिहिण्याच्या मोडमधून आज्ञा देण्याच्या (नॉर्मल) मोडमध्ये येण्यासाठी दिवसातून शेकडो वेळा करंगळी त्या कोपऱ्यापर्यंत न्यावी लागते. निओव्हिमनेही यात बदल केलेला नाही. कंट्रोल आणि चौकटी कंसाची डावी कळ एकत्र दाबली तरी एस्केपचेच काम होते, हे नव्या वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे, कारण एडिटर ते आपणहून सांगत नाही.

ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम १९९१ मध्ये लोकांसमोर आला आणि त्याने व्हीआयशी सुसंगत राहण्याचे पथ्य दीर्घकाळ पाळले. २०१६ मधील ८.० आवृत्तीत समंजस डीफॉल्टची एक वेगळी फाइल दिली गेली, पण वापरकर्त्याची स्वतःची सेटिंगची फाइल नसेल तेव्हाच ती वाचली जाते. म्हणजे केवळ ओळींचे क्रमांक दिसावेत म्हणून कोणी एका ओळीची फाइल बनवली, तर त्याच क्षणी रंगीत सिंटॅक्स (कोडच्या भागांना वेगवेगळे रंग), टाइप करता करता होणारा शोध आणि माऊसची सोय नाहीशी होते. जुन्या वापरकर्त्यांचे काही बिघडू नये हा त्यामागचा हेतू मला समजतो. तरीही ज्याने पहिले लहानसे पाऊल उचलले त्याच्याच हातून सोयी काढून घेणारी ही रचना मला अन्यायाची वाटते.

निओव्हिमचे काम २०१४ मध्ये सुरू झाले ते याच्या उलट दिशेने. वापरकर्त्याची फाइल असो वा नसो, डीफॉल्ट तेच राहतात आणि बदलायचे तेवढेच तो बदलतो. २०२१ च्या ०.६ आवृत्तीतील एक बदल मला विशेष वाटतो. मोठा वाय ही कळ व्हीआयच्या काळापासून पूर्ण ओळ कॉपी करत असे, तर मोठा डी आणि मोठा सी कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतच काम करतात. ही विसंगती व्हिमच्या मदत-पानांनीही मान्य केलेली आहे. दुसरी पद्धत अधिक तर्कसंगत आहे, पण व्हीआयशी जुळणारी नाही, असे तिथे लिहिलेले आहे. निओव्हिमने ती तर्कसंगत पद्धत डीफॉल्ट केली. त्याच आवृत्तीत आणखी एक शांत सुधारणा झाली. लिहिण्याच्या मोडमध्ये कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द किंवा कंट्रोल-यूने ओळीतील टाइप केलेला मजकूर पुसला, तर ती कृती अनडूच्या दृष्टीने स्वतंत्र टप्पा मानली जाते, आणि चुकून पुसलेला मजकूर यूची कळ एकदा दाबताच परत येतो. सहा आठवड्यांत मी या एका डीफॉल्टचा जेवढा लाभ घेतला तेवढा कोणत्याही दिखाऊ सोयीचा घेतला नसेल.

०.११ चे खरे सामर्थ्य मात्र भाषा-सर्व्हरशी जोडलेल्या कळांत आहे. इथे रचनाकारांनी दोन मार्ग वापरले. जिथे जुनी कळ अर्थाने जुळत होती तिथे तिच्यामागचे काम बदलले. कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस या जोडीने पूर्वी टॅग-फाइलमधून (कोणत्या नावाची व्याख्या कुठे आहे याच्या यादीतून) व्याख्येकडे जाता येत असे. आता सर्व्हर चालू असेल तर तीच जोडी त्याला विचारून व्याख्येकडे नेते. मोठा के कर्सरखालच्या शब्दाचे मदत-पान उघडत असे, ०.१० पासून तो त्या नावाची माहिती लहान खिडकीत दाखवतो. ज्याच्या बोटांना पंधरा वर्षांपूर्वीची सवय आहे त्याला इथे काहीच नवे शिकावे लागले नाही, आणि डीफॉल्ट बदलण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही. जिथे जुनी कळ नव्हती तिथे जी-आर या जोडीने सुरू होणारा एक गट ठेवला आहे. त्यापुढे एन लावला की नाव बदलते, आर लावला की ते नाव जिथे जिथे वापरले आहे ते संदर्भ मिळतात, आय लावला की अंमलबजावणी दिसते आणि ए लावला की सुचवलेल्या दुरुस्त्या येतात. डाव्या-उजव्या चौकटी कंसांनी सुरू होणाऱ्या, याद्यांतून मागेपुढे नेणाऱ्या कळाही आल्या. त्या व्हिमसाठी प्लगिन लिहिणारे टिम पोप यांच्या प्लगिनमुळे अनेकांना आधीच परिचित होत्या.

या गटाने एक अडचण निर्माण केली आहे आणि तिची दखल घ्यायलाच हवी. संदर्भ पाहण्यासाठी केवळ जी-आर ही जोडी अनेकांनी आपल्या फाइलमध्ये पूर्वीपासून नेमलेली होती. आता त्याच जोडीने सुरू होणाऱ्या लांब कळा अस्तित्वात आल्यामुळे तिसरे अक्षर येते का हे पाहण्यासाठी एडिटर थांबतो, आणि ही वाट पाहण्याची मर्यादा डीफॉल्टने १००० मिलिसेकंद आहे. एक सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो. पण कोड वाचताना एका मागोमाग एक संदर्भ तपासत जाणाऱ्या माणसाच्या विचाराचा धागा त्या सेकंदात सैल पडतो, आणि बिघाड नेमका कुठे आहे हे त्याला कळतही नाही. उपाय सोपा आहे : जुनी जोडी सोडून जीनंतर आर दोनदा दाबण्याची सवय करावी, किंवा नव्या कळा आपल्या फाइलमधून काढून टाकाव्यात. मी पहिला मार्ग घेतला आणि चौथ्या दिवसापासून बोटांनी तो स्वीकारला.

एस्केपच्या बाबतीतही वेळेचाच प्रश्न आहे. आजच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) बाणांच्या कळांचे संकेत एस्केपच्याच संकेताने सुरू होतात, त्यामुळे एकटे एस्केप दाबले की पुढे काही येते का हे प्रत्येक कार्यक्रम क्षणभर पाहतो. निओव्हिम त्यासाठी ५० मिलिसेकंद थांबतो, जे जाणवत नाही. पण एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हाच अवधी ५०० होता, आणि दोन्ही एकत्र वापरणारे अनेक जण त्या अर्ध्या सेकंदाचा दोष एडिटरला देत राहिले. टीमक्सने २०२४ मध्ये तो १० वर आणला.

कळांच्या निवडीवर माझा सर्वांत मोठा आक्षेप कीबोर्डच्या रचनेबाबत आहे. अमेरिकन रचनेत चौकटी कंस एका बोटाने मिळतात, पण जर्मन रचनेत त्यांसाठी ऑल्ट-जीआर धरून आठ किंवा नऊचा अंक दाबावा लागतो. मागेपुढे जाण्याची कृती दिवसात शेकडो वेळा होते, आणि तीच नेमकी अशा कळांवर बसवल्यामुळे जगातील अनेक प्रोग्रामरांसाठी हे डीफॉल्ट कामाचे उरत नाहीत. देवनागरी लिहिणाऱ्याची अडचण वेगळी आहे : प्रणालीचा कीबोर्ड देवनागरीवर असताना नॉर्मल मोडमधील आज्ञा एडिटरपर्यंत पोहोचतच नाहीत. एडिटरची स्वतःची कीमॅपची (कळांना दुसऱ्या लिपीची अक्षरे देणारी) सोय यावर चांगला उपाय आहे, कारण ती फक्त लिहिताना लागू होते, परंतु ती शोधून चालू करण्याचे काम वापरकर्त्यावरच पडते.

कळा सापडणे हीच निओव्हिमची दुबळी बाजू आहे. हेलिक्स या एडिटरमध्ये जीची कळ दाबताच पुढच्या पर्यायांची यादी पडद्यावर येते. निओव्हिममध्ये तसे काही दिसत नाही, आणि सगळी यादी मदत-पानात नीट लिहिलेली असली तरी ती आहे हे माहीत असणाऱ्यालाच ती मिळते. इतक्या विचारपूर्वक निवडलेल्या कळा इतक्या अबोल ठेवणे मला खटकते. कंट्रोल-एसचेही तेच. लिहिण्याच्या मोडमध्ये ती फंक्शनचे पॅरामीटर दाखवते, पण बाहेरच्या जगात ती सेव्हची कळ असल्याने नवख्याला आपली फाइल सेव्ह झाली असे वाटू शकते.

सहा आठवड्यांनंतर मी जुनी फाइल परत आणली नाही, नवी लिहिली. भाषा-सर्व्हरच्या ओळींखेरीज तिच्यात चारच गोष्टी आहेत. फाइल बंद केल्यानंतरही अनडू टिकवणे, कारण ते डीफॉल्टने बंद असते आणि का असावे याचे पटणारे कारण मला सापडले नाही. शोधताना मोठे अक्षर टाइप केले तरच लहान-मोठ्या अक्षरांत भेद करणे. कर्सरच्या वरखाली पाच ओळी नेहमी दिसत ठेवणे, जे व्हिमच्या त्या वेगळ्या फाइलमध्ये आहे पण इथे नाही. आणि ओळींचे क्रमांक. टॅबची रुंदी आठ हे डीफॉल्टही मी बदलले असते, परंतु ०.९ पासून प्रकल्पातील एडिटरकॉन्फिगची (टॅबची रुंदी वगैरे ठरवणारी) फाइल आपोआप वाचली जाते, आणि माझ्या प्रत्येक प्रकल्पात ती आधीपासून आहे.