देशी विष्णुक्रांता मिळाली एकदाची, चार स्टार
बहुतेक ठिकाणी विष्णुक्रांता म्हणून ब्राझीलची ब्लू डेझ गळ्यात मारतात, फूल मोठं, दिसायला भारीच, पण ती आपली नव्हे. पुण्याजवळच्या या छोट्या नर्सरीत मात्र खरी माळरानावरची मिळाली, 60 रुपयाला पिशवी. पानांवर रेशमी लव, जमिनीला चिकटून पसरणाऱ्या बारीक काड्या आणि शर्टाच्या बटणाहून लहान निळं फूल, तेही सकाळी उमलतं नि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे संध्याकाळी ऑफिसवरून येऊन बघणाऱ्यांनी नाद सोडा. मी फरशीच्या कडेने लावलीये, अधूनमधून कात्री फिरवली की बॉर्डर एकदम नीट, आई म्हणते गवत कशाला वाढवतेस, म्हणू दे. एक स्टार कापला कारण पिशवीत चिकट काळी माती होती, ती पाणी धरून ठेवते आणि हिला नेमकं तेच चालत नाही, मग मुरूम-वाळू मिसळून लावावी लागली. काऊंटरवरचे काका रोज पाणी घाला म्हणाले, अजिबात ऐकू नका, माती सुकली की मगच घाला. ऊन मात्र कडक हवं, सावलीत नुसत्या काड्या लांबतात. उन्हाळ्यात वरून वाळली तर उपटू नका हां, मूळ जिवंत असतं, पावसात परत फुटते.