के५० लिहावं की टी#५एस?

पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या, प्रोग्रॅममध्ये टायमरला पाच सेकंद द्यायचे आहेत. मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीमध्ये ‘के५०’ लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे १०० मिलिसेकंदांचे ५० ठोके. आयईसी ६११३१-३ हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचं मानक पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच ‘टी#५एस’ होतं. मी दोन्ही भरपूर लिहिलंय, त्यामुळे एकाला सरसकट नावं ठेवणार नाही.

के-एच पद्धतीत (के म्हणजे दशमान आकडा, एच म्हणजे सोळाच्या पायाचा) हात भराभर चालतो. शिवाय सेटिंग एचएमआयवरून, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवरून, घ्यायचं असेल तर डी रजिस्टर (आकडा साठवायची जागा) थेट टायमरला जोडता येतं. स्क्रीनवर एक दशांश स्थळ दाखवलं की ऑपरेटरला ५.० दिसतात. टी#च्या टाइम या डेटा प्रकारात इथे रूपांतराची खटपट आहे. सेकंदांना हजाराने गुणून मिलिसेकंद करायला जावं, तर १६ बिटी इंटमध्ये (पूर्णांकात) ४० सेकंदही मावत नाहीत. तो ३२,७६७ ला संपतो.

तरीही माझं मन फिरलं ते एका संध्याकाळी. ‘के५०’ एकटं वाचून वेळ कळतच नाही, टायमरचा नंबर बघावा लागतो. एफएक्समध्ये टी० ते टी१९९ हे १०० मिलिसेकंदांचे, टी२०० ते टी२४५ हे १० चे. मी घेतलेला टी१० लॅडरमध्ये (आकृतीरूप प्रोग्रॅममध्ये) दुसरीकडे आधीच वापरलेला निघाला, म्हणून घाईत टी२१० केला. के५० तसाच राहिला. पाच सेकंद धरायचा क्लॅम्प अर्ध्या सेकंदात सुटायला लागला. चूक सर्वस्वी माझी, पण मी सेन्सर तपासला, व्हॉल्व्ह तपासला, वायरिंग हलवून पाहिली. प्रोग्रॅमकडे संशय गेलाच नाही, कारण शेजारच्या कॉमेंटमध्ये मीच लिहिलेलं होतं: ‘५ सेकंद’.

टी#५एस कुठल्याही टायमरला द्या, पाच सेकंदच. एकक विसरलात तर कंपायलर अडवतो. टी#९०एस आणि टी#१एम३०एस, दोन्ही चालतात. मात्र वेळ लिहायचा सीमेन्सचा जुना प्रकार, एस५टी#, याच घरातला समजू नका. दिसतो तसाच, पण आत तीन आकडे आणि एक टाइम बेस (एका ठोक्याची लांबी) एवढंच असतं. ९९९ सेकंदांच्या पुढे बेस १० सेकंदांचा होतो, मग १६ मिनिटं ४५ सेकंदांतले सुटे पाच टिकत नाहीत.

आकड्यांबाबत मी इतका आग्रही नाही. एच१० काय, १६#१० काय (#च्या आधी संख्येचा पाया), दोन्ही सोळाच. बिट मास्कसाठी (हवे तेवढेच बिट निवडायला) २#१०१०_०१०१ मधली अंडरस्कोअर मात्र डोळ्यांना फार बरी वाटते.

नवं काम असेल आणि निवड हातात असेल, तर मी टी# घेईन. जुन्या एफएक्सवर के सुटत नाही. तिथे आता टायमरच्या कॉमेंटमध्ये सेकंदांऐवजी बेस लिहितो: ‘क्लॅम्प, १० एमएस’.