मुंबईचा स्टुडिओ की जिल्ह्यातलं आउटडोअर?

‘सर, शूटिंग बघूक जाऊया’ हा हट्ट सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मास मीडियाच्या वर्गांत दरवर्षी होतो. नाट्यमंडळाची मुलं त्यात सूर मिसळतात. सरांपुढे मग दोन वाटा. मुंबईला जाऊन एखाद्या कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून बसवायचं, नाहीतर जवळपास मालिकेचं आउटडोअर, म्हणजे स्टुडिओबाहेरचं चित्रीकरण, लागलं असेल तिथे न्यायचं.

मुंबईचं घोडं आधी तिकिटावर अडतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि प्रेक्षक जमवणाऱ्या समन्वयकाचा फोन येतो चार दिवस आधी. तोवर तुतारी, कोकणकन्या दोन्ही गाड्या फुल्ल. मग एसटीचा प्रासंगिक करार करायचा, म्हणजे अख्खी बस भाड्याने घ्यायची. शैक्षणिक सहलीला सवलत मिळते हे खरं, पण रात्रभर महामार्गाचे हादरे खाल्लेली मुलं दुपारी गार एसीत पेंगणारच. गणपतीच्या आसपास तर हा विचारही करू नये.

बरं, एवढं करून दिसतं काय? गोरेगावची चित्रनगरी असो की काशिमिऱ्याकडचे स्टुडिओ, मोबाइल बहुतेक ठिकाणी दारातच जमा होतात. सेट टीव्हीवर वाटतो त्याच्या निम्मासुद्धा नसतो, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग फ्लोअर मॅनेजर हात गरागरा फिरवून टाळ्या वाजवायला लावतो, नुसतं हसायला लावतो, चकित व्हायला सांगतो आणि कॅमेरा हे सगळं आधीच टिपून ठेवतो. अजून विनोद झालेलाच नसतो! आपलं हसू एडिटमध्ये भलत्याच विनोदाला चिकटणार हे मुलांच्या लक्षात येतं, तो क्षण मात्र सगळ्या प्रवासाचे पैसे वसूल करणारा.

पण खरी शाळा भरते ती कंट्रोल रूममध्ये. समोर मॉनिटरची भिंत, दिग्दर्शक टॉकबॅकवर, म्हणजे कॅमेरामनच्या हेडफोनमध्ये ऐकू जाणाऱ्या लाइनवर, कॅमेऱ्यांना नंबरांनी हाका मारतोय आणि शेजारचा माणूस त्याच्या शब्दासरशी एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्विचरची बटणं दाबतोय. प्रेक्षकांतून यातलं काहीही दिसत नाही. तिथे पाच-पाच जणांना दहा मिनिटं उभं राहू देणार असतील तरच मुंबई, आणि तसं लेखी घ्या. खासगी स्टुडिओ दाद देत नसेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र वरळीच्या दूरदर्शन केंद्राला पाठवून बघावं. सावंतवाडी, दोडामार्गच्या कॉलेजांना पणजीचं दूरदर्शन केंद्र कितीतरी जवळ.

आउटडोअरचं सगळंच वेगळं. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली झी मराठीवर आली. तिचं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झालं आणि पुढे तो वाडा बघायला पर्यटकांची रीघ लागली. त्यामुळे शूटिंग म्हणजे जत्रा अशी इकडे समजूत होऊन बसली आहे. युनिटवाले गर्दीला वैतागतात. पन्नास जणांची बस दारात उभी केलीत तर स्पॉटदादाच तुम्हाला परत पाठवेल. दहा-दहाच्या तुकड्या करा, बाकीच्यांना दुसरा दिवस द्या. घरून डबा घेऊन सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं असल्याने ते जमतं.

इथे कंट्रोल रूमची भिंत नसते, पण काम हाताच्या अंतरावर चालतं. अंगणात सासू-सुनेचा सीन लागलेला असतो, संवाद रंगात येतो आणि साउंडवाला हेडफोन दाबत हात वर करतो. शेजारच्या वाडीत कुणीतरी नारळ पाडतोय! माणूस पिटाळला जातो, तोवर ऊन सरकलेलं असतं. पुन्हा उजेड परतवणारा थर्माकोल हलवा, तुळशीवरचा उजेड जुळवा. सहायक दिग्दर्शिका मोबाइलमधला फोटो बघून कपात मागच्या टेकएवढाच चहा ओतते. कंटिन्युइटी म्हणजे काय हे यानंतर वर्गात वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय संवादातली मालवणी कुठे घसरली हे आपली पोरं जागच्या जागी पकडतात, ते वेगळंच.

पावसाळ्यात मात्र आउटडोअरचा भरवसा धरू नका. कौलांवर सर कोसळायला लागली की आवाज घेणंच अशक्य, युनिट हातावर हात ठेवून बसतं आणि मुलं नटांसोबत सेल्फी काढत.

माझा कल उघड आहे : पहिल्या वर्षाला आउटडोअर, तिसऱ्या वर्षाला मुंबई. कॅमेऱ्यापुढे एक ओळ किती वेळा बोलावी लागते हे बघितलेल्या मुलालाच स्विचरवर काय चाललंय ते कळतं. एकदाच नेणं शक्य असेल आणि कंट्रोल रूमची परवानगी हातात नसेल, तर आउटडोअरच धरा. प्रॉडक्शनवाल्याला आदल्या संध्याकाळी फोन करा आणि कॉल टाइम (युनिटला बोलावल्याची वेळ), लोकेशन बदललंय का, सीन घरातला की अंगणातला एवढं विचारून घ्या. घरातला असेल तर दहाचेही पाच करा. माजघरात कॅमेरा, लाइट आणि कलाकार मावल्यावर उभं राहायला जागा उरत नाही.