केटनक्राड : हँडल बाईकचं, काम ट्रॅक्टरचं

बाईक म्हणून बघायला जाल तर फसाल, आधीच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी एनएसयू कंपनीने बनवलेलं हे धूड, पुढे बाईकचं चाक नि मागे दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे, वजन १,२०० किलोच्या वर! जंकर्स ५२ विमानात मावेल अशी छोट्या तोफा ओढणारी गाडी हवी होती, त्यातून हे निघालं.

नीट रिस्टोअर केलेल्या एकीवर बसायला मिळालं. बसायला कसलं, आत उतरावं लागतं! गिअरबॉक्स दोन पायांच्या मध्ये, इंजिन पाठीशी, मांडीच्या दोन्ही बाजूंना पट्टे, म्हणजे गाडी कलंडली तर पटकन उडी मारून सुटायची सोय नाहीच. मागे दोघं बसतात तेही उलट्या तोंडाने. अ‍ॅक्सिलरेटर हँडलच्या मुठीत पण क्लच पायात, त्यामुळे बाईकवाला आणि कारवाला दोघंही सारखेच गोंधळतात 😄

वळवायची पद्धत मात्र भारी. हँडल थोडं वळवलं तर नुसतं पुढचं चाक वळतं, जास्त वळवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो आणि गाडी गर्रकन फिरते. खरं काम पट्टेच करतात, पुढचं चाक काढून टाकूनही ती चालते.

इंजिन ओपेल ऑलिम्पियाचं, दीड लिटर, ३६ हॉर्सपॉवर. आकडा किरकोळ वाटेल पण चिखलात, बर्फात ओढायला पुरतं, आणि रस्त्यावर ताशी ७० पर्यंत जायची म्हणतात, मी तरी त्या वेगाने बसणार नाही. युद्धाच्या शेवटी इंधनाचे वांधे झाले तेव्हा मेसरश्मिट २६२ जेट विमानं धावपट्टीपर्यंत ओढत न्यायला हिलाच जुंपायचे, आणि युद्ध संपल्यावर शेतीच्या कामासाठीही काही बनवल्या. ओढण्याला पाचपैकी पाच.

मेंटेनन्सला एक, तोही दयेपोटी. पट्ट्यांच्या आतली चाकं एकमेकांत घुसवून बसवलीत, आतलं एक काढायचं तर आधी बाहेरची काढा, मध्ये चिखल अडकतो तो वेगळाच, आणि पट्ट्याच्या कड्यांना बेअरिंग असल्याने प्रत्येकीला ग्रीस लागतं. एवढा नखरा लढाईच्या गाडीला परवडतो का? घ्यायचीच झाली तर इंजिन नंतर बघा, आधी खाली वाकून पट्ट्याची एकेक कडी हलवून बघा.